टाकीचं झाकण

घरातलं कपाट एक वेळ उघडं राहिलं तरी चालेल, पण जुन्या टू-स्ट्रोक मोटरसायकलच्या टाकीचं झाकण अण्णांशिवाय कुणी उघडायचं नाही, असा दंडक होता. "तुला पुसायला सांगितलंय ना, तेवढंच कर," असं ते मुलाला म्हणायचे.

पुढे अर्धांगवायूने अण्णांची वाचा गेली आणि गाडी ताडपत्रीखाली गेली. यंदा मुलाने सगळी सुट्टी घालवून तिचा कार्बोरेटर साफ केला, नवा प्लग बसवला आणि आज अण्णांची खुर्ची शेडपाशी आणून त्यांच्यादेखत टाकी पेट्रोलने भरली. अण्णांचा डावा हात थरथरत वर गेला.

"अगंबाई, अण्णा टाटा करतायत," सून म्हणाली.

दोन-चार किकमध्ये गाडी सुरू झाली. मुलाचा चेहरा फुलला. "तुमच्या हातात किती धूर ओकायची, अण्णा. आता बघा, नावालाही नाही." त्यानेही हात हलवला आणि तो भरधाव गल्लीबाहेर पडला.


अण्णांचा हात अजून फळीवरच्या ऑईलच्या डब्याकडेच होता. ते ऑईल पेट्रोलमध्ये मिसळलं नाही तर इंजिन वाटेतच जाम होतं, एवढं एकच त्यांनी मुलाला कधी शिकवलं नव्हतं.