चौबळांच्या गळ्यातली गुलाबी रिंग

व्याहीभेटीला हार घेऊन पुढे आलेले नाडकर्णी चौबळांच्या गळ्यापाशी थबकले.

"हे काय, चौबळसाहेब?"

"नवा कायदा!" चौबळ घोगऱ्या आवाजात कडाडले.

उन्हाळ्यात इंग्लंडच्या याच किनाऱ्यावर त्यांनी नातवंडांची उडवून खेळायची गुलाबी प्लास्टिकची रिंग टाकून दिली होती. ती सीलच्या पिल्लाच्या गळ्यात अडकली. रिंगमधल्या चिपने मालकाचं नाव सांगितलं आणि तशीच रिंग चौबळांच्या गळ्यात आली. पिल्लू वाढेल तशी तिकडची रुतते आणि इकडची आवळते. पिल्लू सुटलं की चौबळही सुटणार.

"शुद्ध जुलूम! चार महिने झाले, श्रीखंडसुद्धा गिळवत नाही."

"अहो, पिल्लू बाळसं धरतंय, त्याला काय करणार?" चौबळबाई शांतपणे म्हणाल्या.

"मग सोडवत का नाहीत त्याला?" नाडकर्णींनी विचारलं.

"जाळं धरायला माणसं मिळत नाहीत म्हणे! माणुसकीच उरली नाही लोकांत."

"तुम्ही गेला होतात?"

"मी? या थंडीत?"

तेवढ्यात सील सोडवणाऱ्यांचा चौबळांना फोन आला. पिल्लू वाळूवर आलं होतं. तीन माणसं होती, चौथं हवं होतं.

"अरे, कोणीतरी जा रे!" चौबळ पंगतीकडे बघून ओरडले.

दीडशे माणसं माना खाली घालून जिलबी खात होती. एकाचाही गळा आवळलेला नव्हता.

"निर्लज्ज मेले!" असं म्हणत चौबळांनी रेशमी धोतराचा काचा मारला आणि ते अनवाणीच समुद्राकडे धावत सुटले.