घोड्याला पाणी कोणी पाजलं?

"लिही," डॉक्टर म्हणाले. "महाशय, आपला घोडा पान चाळीसवरच मेला आहे. आपल्याला कोणी कळवलेलं दिसत नाही."

डॉक्टरीणबाईंनी लिहिलं.

"तीन दिवस आणि तीन रात्री दौडतोय. मधे त्याला पाणी कोणी पाजलं? कळवावे."

डॉक्टर म्हणजे गुराढोरांचे. निवृत्त झाल्यावर गोठे सुटले आणि ऐतिहासिक कादंबऱ्या मागे लागल्या. वाचनालयात नवी आली की पहिली ह्यांच्या हातात, आणि वाचून झाली की लेखकाला पत्र, प्रकाशकाच्या पत्त्यावर. सांगायचं डॉक्टरांनी, लिहायचं डॉक्टरीणबाईंनी; कारण डॉक्टरांचं अक्षर फक्त औषधाच्या दुकानातल्या म्हाताऱ्याला लागायचं, आणि तोही वारला.

त्या दुपारी जेवणाच्या टेबलावर चार पुस्तकं होती. दुसऱ्यात वीस दिवसांत तीन पौर्णिमा निघाल्या. "नायिकेला चांदणं लागतं म्हणून! बाईसाहेब काळोखात रडू शकत नाहीत काय?" तिसऱ्यात किल्ल्याला सहा महिने वेढा, आत चार हजार माणसं, आणि एकालाही जुलाब नाहीत.

"आणि हा राजा बघ. घरात बायकोशी बोलतो, तेही सभेत बोलल्यासारखं. असं घरात कोणी बोलतं का?"

"छे हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि पाकिटावर पत्ता घालू लागल्या.

आता चौथं राहिलं. ते पुस्तक डॉक्टरीणबाईंनीच लिहिलेलं होतं. चार वर्षं, डॉक्टर दुपारचे घोरत असताना, स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर वही ठेवून. छापलं टोपणनावाने, प्रकाशकाखेरीज कोणाला पत्ता नाही. दुसऱ्या भागाची दीडशे पानं कपाटात जुन्या चादरींखाली होती. ह्यांनी नाक मुरडलं तर ती रद्दीत घालायची, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. बाहेरच्यांनी कितीही वाखाणलं तरी त्यांना ऐकायचं होतं ते ह्या एकाच माणसाचं. आणि माणूस तरी कसा गाठावा? ज्याने आजवर एकाही कादंबरीला बरं म्हटलेलं नाही!

डॉक्टरांनी पुस्तक उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. समासात पेन्सिलीची एकही खूण नव्हती.

"ह्यातला घोडा खातो," ते हळूच म्हणाले.

"म्हणजे?"

"चंदी खातो. पाणी पितो. पान दोनशेवर लीद टाकतो गं!" डॉक्टरांचा आवाज चक्क भरून आला. "पुढे त्याचं पोट दुखतं, तर मोतद्दार त्याला लोळू देत नाही, उजाडेपर्यंत फिरवत ठेवतो. बरोब्बर! हा पठ्ठ्या नक्की गुरांचा डॉक्टर असणार. नाहीतर एवढं कुठून कळणार?"

कुठून कळणार! अडतीस वर्षं जेवताना दुसरं काय ऐकलं होतं बाईंनी?

"लिही. महाशय..."

डॉक्टरीणबाईंनी स्वतःलाच महाशय लिहिलं.

"आपली कादंबरी मी दोनदा वाचली. अशी मी आजवर वाचली नाही. आपल्याला मनापासून नमस्कार." डॉक्टर थांबले. "लिहिलंस? डोळ्याला काय झालं?"

"काही नाही. पेन गळतंय."

"डोळ्यातून?"

"तुम्ही सांगा पुढे."

"त्यातला तो म्हातारा दिवाण तर अस्सल उतरलाय. हुशार माणूस. जरा बोलतो जास्त, पण मुद्द्याचं बोलतो. असा माणूस पाहिल्याशिवाय लिहिता येत नाही." डॉक्टर खूश होऊन खुर्चीत मागे रेलले. डॉक्टरीणबाईही खूश होत्या. दीडशे पानं रद्दीतून वाचली होती. इतकं हलकं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. पत्र इथेच संपतं तर बरं होतं.

"आता दोष," डॉक्टर म्हणाले.

"दोष?"

"एकच आहे, पण मोठा आहे. लिही. दिवाणाची बायको. दिवाण चारशे पानं बोलतो आणि ही नुसती खलिते लिहून घेते. मधे ब्र काढत नाही. तिला स्वतःचं काही म्हणायचंच नाही? अशी बाई असत नाही, महाशय. हे पात्र आपण पाहून लिहिलेलं नाही, नुसतं डोक्यातून काढलंय. लिहिलंस?"

लिहिलं नव्हतं. पेन कागदावर टेकलेलं होतं आणि शाईचा ठिपका मोठा होत चालला होता. डॉक्टरीणबाईंना आधी हसू आलं, मग असा राग आला की कानशिलं तापली.

"दुसऱ्या भागात बोलते ती," त्या म्हणाल्या.

"कोण?"

"दिवाणाची बायको."

"दुसरा भाग कुठे आलाय अजून?" डॉक्टर हसले. "तुला गं काय माहीत?"

डॉक्टरीणबाई उठल्या. कपाटातल्या चादरी उचकून त्यांनी पानांचा गठ्ठा आणला आणि डॉक्टरांच्या पुढ्यात ठेवला. डॉक्टरांनी चष्मा लावला. पहिल्या पानावरचं अक्षर त्यांनी ओळखलं. त्यांच्या सगळ्या पत्रांचं अक्षर तेच होतं. त्यांनी एक पान उलटलं, मग दुसरं.

बाईंनी पत्राचा कागद त्यांच्याकडे फिरवला आणि पेन त्यांच्या हातात दिलं.

"आता तुम्ही लिहून घ्या," त्या म्हणाल्या. "मी सांगते."