पिवळी रेघ

दादाच्या पत्राला धाकट्यानं उत्तर दिलं नव्हतं. पत्रही केवढं, दोन ओळींचं. 'वडिलांची गाडी ब्रेक दाबला की डावीकडे ओढते. तुझ्या पुस्तकात बघून काय ते कळव.'

गॅरेज एके काळी दोघांचं होतं. दादा हातानं शिकलेला मिस्त्री, धाकटा पुस्तकं वाचून शिकलेला. ब्रेक आवळायचा असला की दादा पेडलवर आणि हा गाडीखाली, अशी ठरलेली वाटणी. एक दिवस भर गिऱ्हाइकांत दादा म्हणाला, "आमचा पुस्तकी मिस्त्री! पानं उलटून ब्रेक लागत नसतात, बाबा." सगळे हसले. धाकट्यानं त्याच महिन्यात दुसऱ्या गावी आपलं वेगळं दुकान थाटलं. त्यामुळे पत्रातलं ते 'पुस्तक' त्याच्या जिव्हारी लागलं. ज्यानं ब्रेक शिकवला तोच विचारतोय? थट्टाच ही, दुसरं काय. तरी तो लिहायला बसला होता. लिहिलेलं कधी फार शहाणपणाचं वाटायचं, कधी फार लाचार. कागद फाटत गेले.

आता दादा या जगात नव्हता आणि गाडी त्याच्या शेडमध्ये उभी होती. वहिनी ती ट्रकवर चढवून घेऊन आल्या होत्या.

"ह्यांनी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही, भाऊजी," त्या म्हणाल्या. "तुम्हाला पत्र टाकलं तेव्हापासून रस्त्यावर काढलीच नाही. धाकटा येईल, तो बघेल, एवढंच म्हणायचे."

बोलण्यापेक्षा कामाला लागणं सोपं होतं. आवारात गाडी हळू फिरवून त्यानं ब्रेक दाबला. खरंच, ती डावीकडे ओढली गेली. आधी गाडी तोलणाऱ्या स्प्रिंगच्या पाट्यांचा संशय आला. इतक्या जुन्या गाडीचा एखादा पाटा तुटला की ती एका अंगाला कलते. तो खाली सरपटत गेला. पाटे शाबूत होते, ग्रीस ताजं होतं, पाट्यांच्या टोकांचे रबरी बुशसुद्धा नवे. म्हणजे उजवा ब्रेक धरत नसणार. त्यानं उजवं चाक काढलं, ड्रम उघडला. ड्रमला घासणारं लायनिंग जाड, कोरडं. तेलाचा टिपूस नाही. गाडी लेकरासारखी जपलेली, आणि हा एकच ब्रेक ढिला.

मग त्यानं ड्रममागच्या पत्र्यावरच्या, ब्रेक आवळायच्या नटावर टॉर्च धरला आणि त्याचा हात तिथंच थांबला.

दादाची एक खोड होती. नट हवा तसा बसवला की नटावरून पत्र्यावर पिवळ्या रंगाची रेघ ओढायची. पुढं नट आपोआप फिरला तर रेघ तुटते, आणि चोरी पकडली जाते. हा नट पार सैल होता. रेघ मात्र सलग होती.

नट सैल झालेला नव्हता. दादानं तो सैल केला होता, आणि येणाऱ्याला कळावं म्हणून वर रेघ ओढली होती.

"सापडलं का हो?" वहिनींनी वाकून विचारलं.

"सापडलं." तो म्हणाला. त्याला बोलावून घ्यायला दादानं रचलेल्या खोट्या बिघाडाला तो थट्टा समजून बसला होता. चाक, ड्रम पुन्हा बसवून त्यानं वहिनींना पेडल दाबायला बसवलं आणि खाली झोपून पाना फिरवला. पिवळी रेघ मधोमध तुटली.

बिघाड दादानंच केला होता, हे वहिनींच्या तोंडावर सांगायची त्याची छाती झाली नाही. त्या गेल्यावर त्यानं कागद घेतला आणि तेव्हाच द्यायचं राहिलेलं उत्तर लिहिलं. या वेळी फाडला नाही. पाकिटावर दादाचंच नाव घातलं. उघडतील वहिनी, उघडोत. जाऊन कोपऱ्यावरच्या टपालपेटीत टाकलं.

आत दोनच ओळी होत्या. 'दादा, हे काम एकट्याचं नाही. तू पेडलवर बस, मी निघालोच.'