मनोरा राखून ठेवला होता

दुपारी साडेचार वाजता साबेला म्हणाली, "चल, वर जाऊ या."

कॅथेड्रलच्या अंगणात, हिराल्दा मनोऱ्याच्या पायथ्याशी, संत्र्यांच्या झाडांखाली ती आणि तिचा नवरा देल्मिरो बसले होते. सेव्हिलमधला त्यांचा हा शेवटचा दिवस. पेन्शनरांच्या सहलीची बस संध्याकाळी नदीकाठावरून उत्तरेला, त्यांच्या गालिसियाकडे परतणार होती. बरोबरची मंडळी हातपंखे विकत घेत गल्ल्यांमधून हिंडत होती.

देल्मिरोने मान वर केली नाही. गरजच नव्हती. आल्यापासून दोघं या मनोऱ्याच्या अवतीभवतीच होते. त्याच्या सावलीत आइसक्रीम खाल्लं होतं, वाट चुकली की त्याच्याकडे बघून हॉटेल गाठलं होतं.

"हिराल्दा राखून ठेवलाय ना आपण?" तो म्हणाला.

हा त्यांचा लग्नापासूनचा रिवाज. जाऊ त्या गावात एक गोष्ट न बघता सोडायची, म्हणजे परत यायला निमित्त राहतं. सालामांकाला विद्यापीठाच्या दारावर कोरलेला बेडूक झाडून सगळे शोधतात. हे दोघं माना खाली घालून तिथून निघून आले होते. ग्रानादाला राजवाडा पाहिला, बाग सोडली. परत ते कुठेच गेले नव्हते, ती गोष्ट वेगळी.

"या वेळी नको राखायला," साबेला म्हणाली.

दुकानात 'पिशवी नको' म्हणावं तसं म्हणाली. देल्मिरोने संत्र्याचं गळलेलं पान उचललं, दुमडलं, हुंगलं. गुरुवारी गावाकडे, लुगोच्या इस्पितळात तिचं ऑपरेशन होतं. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून काय ते सांगितलं होतं. सहल रद्द करू नका, असंही सांगितलं होतं. त्यानंतर दोघांनी तो विषय काढला नव्हता.

"रांग असेल."

"नाहीये. बघून आले मी."

"इतक्या पायऱ्या तुला झेपणार आहेत का?"

"पायऱ्या नाहीतच. आत सगळा चढ आहे. पूर्वी इथे मशीद होती, तेव्हा बांग देणारा घोड्यावर बसून वर जायचा म्हणे. घोड्याला जमत होतं, मला जमेल."

"घोडा तरणा असेल."

"आणि मागून 'नको नको' म्हणणारा नवरा नसेल त्याला," असं म्हणून साबेला उठली.

आतला चढ विटांचा होता, कोपऱ्याकोपऱ्यावर वळत वर जाणारा. साबेला पुढे, देल्मिरो मागे. प्रत्येक खिडकीशी ती थांबायची, बाहेर बघायला थांबल्यासारखी. तोही थांबायचा. बाहेर मात्र तो बघत नव्हता. तिच्या मानेवरचा घाम बघत होता. एकदा तिने न वळताच हात मागे केला; त्याने खिशातला रुमाल त्यात ठेवला.

शेवटच्या वळणाला चढ संपला. वर घंटांपाशी जायला थोड्याशा पायऱ्या होत्या. तिथून उजेड आणि वारा खाली येत होता. देल्मिरो खिडकीच्या कट्ट्यावर टेकला.

"गुडघा," तो म्हणाला.

"कुठला?"

त्याला जरा विचार करावा लागला. "डावा."

"काल उजवा होता."

"काल उजवा होता. आज डावा आहे." त्याने गुडघ्यावर हात ठेवला. "तू बघून ये. माझं राहू दे राखलेलं."

साबेलाने त्याच्याकडे नीट पाहिलं. मग त्याच्या कॉलरवर पडलेलं पान चिमटीत धरून काढलं.

"लबाड," ती म्हणाली आणि कठड्याला धरून वर गेली.

वरून लोक उतरत होते. एक जर्मन कुटुंब गेलं, मागोमाग दोन नन हसत हसत गेल्या. मग बराच वेळ कोणी आलं नाही. खालून किल्ल्यांचा जुडगा वाजला आणि पहारेकरी बाई वळणावर येऊन उभी राहिली.

"चढताय की उतरताय, काका?"

"कोण विचारतंय?"

"अगंबाई, गालिसियाचे." ती हसली. "तरीच. आमच्याकडे म्हणतात, गालिसियाचा माणूस जिन्यात भेटला तर तो चढतोय की उतरतोय, ते त्याच्या आईलाही कळायचं नाही."

"आईला कळायचं," देल्मिरो म्हणाला. "ती सांगायची नाही."

"बरं. वर कोणी राहिलंय का? बंद करायची वेळ झाली."

"एकजण आहे. माझी बायको."

"मग मारा हाक."

देल्मिरोने पायऱ्यांकडे पाहिलं.

"बघू द्या तिला," तो म्हणाला. "पहिल्यांदाच आलीय."

बाईने त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या दोन्ही गुडघ्यांवरच्या दोन्ही हातांकडे. किल्ल्या मुठीत धरून ती भिंतीला टेकली.

डोक्यावर घंटा वाजू लागल्या. कट्ट्याचा दगड थरथरत होता. त्या थांबल्या, तसे दोघांनीही वर कान लावले. पायऱ्यांवर अजून पावलं वाजली नव्हती.