साध्या आवाजातलं बोलणं

डॉक्टर, "या स्टेरॉइडच्या स्प्रेचा कसलाही त्रास नाही" असं तुम्ही कुठल्या तोंडाने सांगितलंत?

पोरीच्या नाकामागे अ‍ॅडेनॉइडच्या गाठी वाढल्या होत्या आणि त्यापायी कानांत दडे बसले होते. ओरडून बोललं तरच तिला ऐकू जायचं. म्हणून तिच्याशी बोलायचं ते बोंब ठोकून, आणि बाकी सगळं तिच्यादेखत, साध्या आवाजात. शिलाई मशीन चालवता चालवता आई फोनवर बहिणीला रोज सांगायची, "ही कार्टी झाली नसती, तर या माणसाला सोडून मी कधीच गेले असते."

"अगं, हळू. पोर ऐकेल."

"ती कसली ऐकतेय? तोफ डागली तरी ढिम्म."

पण नाकात स्प्रे मारायला आई एक दिवस चुकली नाही. आज तिने नेहमीसारखी हाळी दिली, "जेवायला चला, राणीसरकार!" तर पायाशी चिंध्यांशी खेळणारी पोर म्हणाली, "आई, हळू बोल ना. मला कधीचं नीट ऐकू येतंय."

आईने हरखून तिला पोटाशी धरलं.



पोरीने तिथूनच विचारलं, "मी झाले नसते, तर तू कुठे गेली असतीस?"