काढून ठेवलेली डिस्क

भाषांतराची कामं करणाऱ्या वहिनीचं डोकं सकाळपासून फिरलं होतं. एकाच कॉम्प्युटरवर दोन सिस्टिम हव्या होत्या. जुनी जुन्या डिस्कवर, नवी नव्या डिस्कवर, आणि सुरू करताना हवी ती निवडायची. "चुटकीसरशी होईल," असं दीर फोनवर म्हणाला होता. त्याचं काय जातंय!

"वहिनी, आधी जुनी डिस्क काढून ठेवा. चुकून पुसली गेली तर सगळं काम जाईल."

तिने काढली. काहीही सेव्ह केलं की कर्र-टक करून कान किटवणारी ती डिस्क एकदाची टेबलावर गप्प पडली. नवी सिस्टिम बसली. कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला आणि त्याने विचारलं, नवी उघडू की जुनी?

"भावोजी, जुनी अजून दिसतेय."

"केबल जोडलेली राहिली असेल."

तिने टेबलावरची डिस्क उचलली. "अहो, डिस्क माझ्या हातात आहे!"

"मग दाबून बघा. उघडणारच नाही."

तिने वैतागून दाबलं. जुनी सिस्टिम उघडली. कालचं अर्धवट भाषांतर जसंच्या तसं समोर आलं.

"उघडली का हो?"

"खड्ड्यात गेली तुमची सिस्टिम!" म्हणत तिने भिंतीतला प्लग उपटला. पडदा काळा झाला. आतला पंखाही थांबला.

तळहातावरची डिस्क मात्र कोमट लागत होती.

मग ती आतल्या आत फिरू लागली. कर्र-टक.

कुणीतरी काहीतरी सेव्ह केलं होतं.