वाकलेला कान

चंद्रावतीनं सायकल ढकलत काशिरामच्या सायकल-दुरुस्तीच्या दुकानासमोर आणली आणि पदरानं कपाळ पुसलं. तिचा मुलगा जगन बंदरावर मिठाची होडी भरायला गेला होता. तो परतायच्या आत काम व्हायला हवं होतं.

काशिराम मागच्या चाकाशी बसला. फ्रेमला खाली एक पोलादी कान, म्हणजे भोकाची छोटी पट्टी होती, गिअर त्यावर टांगलेला. कान आत दबला होता, गिअर चाकाच्या तारांना घासत होता. गिअरची, शर्यतीची सायकल अख्ख्या पनवेलात ही एकच.

"पडली काय, वैनी?"

"पडली नाय. मी वरवंटा घातला."

काशिरामनं वर पाहिलं. गेल्या साली शर्यतीत जगन घाटात आपटला, त्याला बेशुद्ध घरी आणलं, तेव्हा झोळी धरणाऱ्यांत तोही होता.

"मग आता सरळ कशाला करता? रविवारी पुन्हा शर्यत हाय."

"तो म्हनतो, मीच भिंतीला नीट टेकवली नाय, माझ्याच हातानं वाटोळं झालं. सोताला शिव्या देतोय. ते नाय ऐकवत मला."

काशिरामनं गिअर सोडवला आणि दुसऱ्या एका चाकाचा आस कानाच्या भोकात पिळून बसवला. दोन चाकं शेजारी शेजारी उभी राहिली, पण एक तिरकं.

"मी वडतो. दोघांमधलं अंतर वर-खाली सारखं दिसलं की सांगा."

तो बाहेरचं चाक बेताबेतानं ओढू लागला. चंद्रावती श्वास रोखून पाहत राहिली.

"अजून. वाईच अजून... बास!"

गिअर परत चढवताना काशिराम म्हणाला, "एकदा सरळ झाला. पुन्हा घाव बसला तर तुटंल."

"नाय घालनार."

नाक्यावरच जगन समोर आला. पायांवर मीठ सुकलेलं.

"आये, सायकल घेऊन कुठं गेलीस?"

"तुझी चूक नव्हती. मी ठोकला व्हता तो कान. भ्याले रे मी."

आता हा ओरडणार, असं तिला वाटलं. पण जगननं खाली वाकून मागचं चाक उचललं, हातानं पायडल फिरवत गिअर बदलला. साखळी आवाज न करता एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर गेली. मग तो सायकलवर बसला. पुढे कर्नाळ्याचा रस्ता मोकळा होता. तरी एक पाय जमिनीला टेकवून तो थांबून राहिला.

"जा की," चंद्रावती म्हणाली.

"आये, हात तर सोड."

तिनं पाहिलं. सीट तिनं मागून दोन्ही हातांनी धरली होती.